घरातलं कुणीच गळाला लागू नये म्हणून: एका रविवारी करायची तयारी

मावशीला मेसेज आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. 'मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.' खाली एक मोबाइल नंबर. बिल तिनं भरलं होतं. पण घरात काका ऑक्सिजनच्या मशीनवर होते, वीज गेली तर काय, या धास्तीनं तिनं तो नंबर लावला. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला. 'फक्त दहा रुपये भरा, नोंद अपडेट होईल' असं म्हणत त्यानं एक ॲप टाकायला लावलं. पंधरा मिनिटांत तीन हप्त्यांत ६४ हजार रुपये गेले.

आपण फसलो हे तिला त्याच रात्री कळलं होतं. आम्हाला तिनं सांगितलं तिसऱ्या दिवशी, तेही काकांच्या औषधांना पैसे कमी पडले म्हणून. 'तुम्ही सगळे ओरडाल असं वाटलं,' एवढंच म्हणाली. त्या दोन दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले होते. लगेच कळवलं असतं तर त्यातले काही वाचले असते.

खाली जे सांगतो आहे ते त्या दोन दिवसांमुळे शिकलो. एक रविवार आणि घरातल्या सगळ्यांचे फोन, एवढं लागतं.

पायरी १: आधी ओरडा खाण्याची भीती काढा

जेवणं झाली की सगळ्यांना बसवा, आजी-आजोबांपासून आठवीतल्या मुलीपर्यंत. पहिलं वाक्य हे बोला: 'या घरात कुणाचेही पैसे गेले, कितीही गेले, तरी कुणी कुणाला बोलणार नाही. फक्त त्याच मिनिटाला सांगायचं.' हे मोठ्यानं आणि सगळ्यांसमोर म्हणा. 'एवढं शिकलेली असून कशी फसलीस' हे वाक्य तुमच्या घरात कधी उच्चारलं गेलं असेल, तर ते मागे घ्या.

फसणारे मूर्ख असतात हा समज सगळ्यात घातक आहे. डॉक्टर, निवृत्त अधिकारी, खुद्द बँकेत नोकरी केलेली माणसं यात सापडली आहेत. कारण पलीकडे हा पूर्णवेळ धंदा आहे. फोनवरून फसवणाऱ्या टोळ्यांमुळे गाजलेल्या, झारखंडमधल्या जामताऱ्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आता त्याहून मोठी केंद्रं म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये आहेत. नोकरीच्या आमिषानं नेलेल्या तरुणांना तिथं डांबून, हातात संवाद लिहून देऊन बसवतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमाभागातून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. म्हणजे तुमच्या आईशी बोलणारा माणूस दिवसभर हेच करतो आणि आई मात्र ते पहिल्यांदा ऐकत असते. हे घरात समजावून सांगितलं की लाज बरीच गळून पडते.

पायरी २: एकच नियम पाठ करा

पूर्वी आपण सांगायचो, की मेसेजमधल्या चुका बघा, भाषा मोडकी असेल तर खोटा समजा. आता ते विसरा. हल्ली खोटे मेसेज शुद्ध मराठीत येतात, बोधचिन्ह हुबेहूब असतं, फोनवरचा माणूस तुमचं नाव, पत्ता, खात्याचे शेवटचे चार आकडेसुद्धा सांगतो. खरं-खोटं ओळखण्याची जबाबदारी सत्तरीच्या माणसावर टाकणं अन्यायाचं आहे.

त्याऐवजी एक सवय लावा: आलेल्या वाटेनं जायचं नाही, आपल्या वाटेनं जायचं. फोन आला, 'बँकेतून बोलतोय' म्हणाला? बरं म्हणून ठेवायचा. मग डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा किंवा शाखेत जाऊन विचारायचं. मेसेजमध्ये लिंक आली? ती दाबायची नाही. काम खरं असेल तर ते आपल्या ॲपमध्ये किंवा नेहमीच्या संकेतस्थळावरही दिसेल. त्यांनी दिलेला नंबर, त्यांनी दिलेली लिंक, त्यांनी पाठवलेली फाइल, तिन्ही आपल्यासाठी नाहीतच. समोरचा खरा असला तरी आपलं काही बिघडत नाही, फार तर दहा मिनिटं जास्त जातात.

गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधणं ही आपली वाट नव्हे. तिथं ठगांनीच पेरलेले नंबर सापडतात. नंबर घ्यायचा तो कार्डावरून, पासबुकावरून, छापील बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून.

घरातल्या माणसाचा आवाज ऐकू आला तरी हाच नियम. मुलगा अमेरिकेत आणि आई-वडील पुण्यात किंवा नाशिकला एकटे, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. 'तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय' असं सांगून मागे रडण्याचा आवाज ऐकवतात. आवाजाची नक्कल आता संगणक करतो. म्हणून घरात एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर कुठेच सापडणार नाही. आमच्याकडे तो गावच्या घरामागच्या झाडाचा आहे. उत्तर आलं नाही की फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा.

पायरी ३: खरं काम कसं चालतं ते घरात माहीत असू द्या

मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. खऱ्या व्यवहाराची रीत माहीत नसते, म्हणून धमकी खरी वाटते. मावशीला वीज तोडण्याचा कायदा माहीत असता तर तो नंबर तिनं लावलाच नसता.

वीज: वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री ९.३० ला' असा प्रकारच नसतो. महावितरण कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. शंका आली तर १९१२ वर विचारा.

पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम: 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. पोलीस व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर चौकशी करून 'कॅमेरा बंद करू नका, कुणाला सांगू नका' म्हणत नाहीत, आणि न्यायालय तपासासाठी पैसे कुठल्या खात्यात भरायला सांगत नाही. 'कुणाला सांगू नका' हे शब्द कानावर पडले की त्या क्षणी घरातल्या कुणाला तरी हाक मारायची. मुलांनाही हे सांगा.

यूपीआय: पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. जुनं फर्निचर विकायला काढलं की 'मी लष्करात आहे, लगेच पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असा फोन येतो, तो याच अज्ञानावर चालतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशाची 'रिक्वेस्ट' पाठवण्याची सोयच बंद केली आहे. त्यामुळे ती वाट बंद झाली. कोडची वाट उघडीच आहे.

गाडीचा दंड: व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. सरकार दंडाची पावती ॲपच्या फाइलमधून पाठवत नाही. गाडीवर दंड आहे का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून आपणच बघायचं. लग्नपत्रिका एपीके फाइलमधून आली तरी तेच. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. ती उघडायला ॲप बसवावं लागत असेल तर ती पत्रिका नाही. आणि पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून बिनधास्त राहू नका. त्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

सरकारी योजना: नवी योजना किंवा नवी सक्ती आली की आठवड्याभरात खोटी संकेतस्थळं उगवतात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा हेच झालं, गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटच्या वेळीही. पेन्शनरांसाठी नोव्हेंबर हा जोखमीचा महिना, कारण हयातीचा दाखला तेव्हा द्यायचा असतो. 'दाखला अडकलाय, ओटीपी सांगा' असे फोन त्या सुमाराला येतात. दाखल्यासाठी बँकेत जा, पोस्टमनला घरी बोलवा किंवा 'जीवन प्रमाण' ही सरकारची ऑनलाइन दाखल्याची सोय वापरा. फोनवरून कुणाला ओटीपी सांगून हे काम होत नाही.

कुरिअर, केवायसी संपणं, रिवॉर्ड पॉइंट बुडणं, घरबसल्या रेटिंग देऊन कमाई ही सगळी याच झाडाची पानं आहेत. मुलांच्या बाबतीत गेममधले फुकट डायमंड आणि इन्स्टाग्रामवरची 'मला मत दे' ही लिंक, एवढ्या दोन्ही नावानिशी सांगा.

पायरी ४: पत्ता मागून वाचायला शिकवा

लिंक दाबायची नाही हे ठरलं, तरी कधीतरी बघावी लागतेच. तेव्हा पाकिटावरचा पत्ता आठवा. पोस्टमन घराच्या नावावरून गाव ठरवत नाही, शेवटच्या ओळीतल्या पिनकोडवरून ठरवतो. संकेतस्थळाचंही तसंच. पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथं थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. 'एसबीआय डॉट केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड' या पत्त्यात मालक आहे 'केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड'. पुढचं एसबीआय म्हणजे कुणीही दारावर लावलेली पाटी.

दोन शेपट्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 'डॉट गव्ह डॉट इन' फक्त सरकारी संस्थांना मिळते. महाराष्ट्र शासनाची बरीच संकेतस्थळं 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'नं संपतात. आणि रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं. ती शेपटी बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह मात्र भरवशाचं नाही. वाटेत कुणी डोकावत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच.

एसएमएसच्या नावाकडेही बघा. अधिकृत एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत, अक्षरी नावानं येतात, आणि आता त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर दिले आहेत, जाहिरातीच्या कॉलसाठी १४०. तरी मी घरच्यांना सांगतो, की नंबर बघून विश्वास ठेवू नका. नंबर बघून संशय जरूर घ्या.

पायरी ५: प्रत्येकाचा फोन हातात घ्या

सांगून थांबू नका. शेजारी बसून तुम्ही करा आणि करताना त्यांना दाखवा.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, टेलिग्राम, सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. एपीकेचा सापळा इथंच निम्मा मोडतो. मला एकच गोष्ट करायला वेळ मिळाला तर मी हीच करीन. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप हुडकणारी सोय, चालू आहे का, तेही बघा.

नंतर ॲपची यादी वरपासून खालपर्यंत बघा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारी ॲप आजोबांच्या फोनमध्ये कशासाठी आहेत, ते विचारा आणि काढा. ज्या ॲपचा उगम कुणालाच आठवत नाही, तेही काढा.

व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर लगेच लॉगआउट करा. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करा, ग्रुपमध्ये घेण्याची परवानगी आणि प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांपुरते ठेवा.

फोनवर *#२१# डायल करा. कॉल कुठल्या तरी अनोळखी नंबरवर वळवलेले दिसले तर ##००२# डायल केल्यावर ते रद्द होतात. ओटीपी आता फोनवर बोलूनही सांगतात, म्हणून ठग कॉल वळवून घेतात. कुणी फोनवर एखादा कोड डायल करायला सांगितला तर करायचा नाही, हेही याच वेळी सांगा.

शेवटी संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघा. नको असलेल्यांची तक्रार तिथंच होते. संशयास्पद कॉल आणि मेसेज कळवण्यासाठी तिथंच 'चक्षू' ही सोय आहे.

पायरी ६: रोजचं पाकीट वेगळं, तिजोरी वेगळी

कितीही शिकवलं तरी एखाद्या दिवशी चूक होईल असं धरून चाला. मग ती चूक किती रुपयांची व्हावी, हे आधीच ठरवता येतं.

यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चाइतकेच पैसे ठेवा. निवृत्तीचे पैसे, मुदत ठेवी दुसऱ्या बँकेत, जिथं ना यूपीआय जोडलंय ना नेटबँकिंग चालू आहे. बऱ्याच जणांना वाटतं, ठेवीला कोण हात लावतो? पण नेटबँकिंग हाती लागलं तर ठेव घरबसल्या मोडता येते. मावशीचं नशीब, की तिची ठेव वेगळ्या बँकेत होती.

कार्डासाठी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, टॅप करून पैसे देणं हे सगळं वेगवेगळं बंद-चालू करता येतं. ही सोय ऑक्टोबर २०२० पासून बँकांना द्यावीच लागते. आईच्या कार्डावर परदेशी व्यवहार कशाला हवेत? बंद करा, रोजची मर्यादा खाली आणा. आधारचे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंदही यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपवरून कुलूपबंद करता येते. रेशनला किंवा अन्य कामाला अंगठा लागला तर तेवढ्यापुरतं कुलूप उघडता येतं. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आजही वापरात आहे ना, हे तपासा. पैसे कापल्याचा मेसेज जुन्या बंद सिमवर जात असेल तर महिनाभर पत्ता लागत नाही.

पायरी ७: फ्रिजवर कागद आणि महिन्यातून एक सराव

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: १९३०, पैसे गेल्यावर लावायचा नंबर. त्याखाली प्रत्येक बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, मग घरातल्या दोघांचे नंबर. शेवटची ओळ: 'पैसे गेले तर आधी फोन, मग रडणं.' आमच्या आजीनं ही ओळ स्वतः सुचवली. फोनच ठगाच्या ताब्यात असेल तेव्हा त्यात साठवलेले नंबर उपयोगी पडत नाहीत, म्हणून कागद हवा.

सराव म्हणजे एवढंच, की महिन्यातून एकदा चहाच्या वेळी आपल्याला आलेला एक खोटा मेसेज वाचून दाखवायचा आणि 'तू काय करशील?' विचारायचं. कुणाला फसवून परीक्षा घेऊ नका. आपल्याच माणसांनी आपल्याला हसण्यासाठी गळ टाकला, हे मनाला लागतं, आणि पुढच्या वेळी ते माणूस बोलणार नाही.

पायरी ८: पैसे गेलेच, तर पहिला तास

१९३० लावा, शक्य तर दुसऱ्या फोनवरून. हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक आहे, महाराष्ट्रात, गोव्यात, देशात कुठूनही चालतो. पैसे चोराच्या एका खात्यात फार वेळ थांबत नाहीत. भाड्यानं घेतलेल्या खात्यांमधून ते पुढे पुढे सरकतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. १९३० वरून बँकांना निरोप जातो आणि वाटेत जिथं सापडतील तिथं ते गोठवले जातात. म्हणून मिनिटं मोजायची. जवळ ठेवायची माहिती: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक, जो यूपीआयमध्ये १२ आकडी असतो. तक्रार क्रमांक मिळाला की २४ तासांत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरा. लाइन लागत नसेल तर वाट न बघता थेट पोर्टलवर तक्रार करा.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसानं बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करून घ्यायचं. एपीके बसवलं असेल तर त्या फोनचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा. तसलं ॲप ओटीपीचे मेसेज गुपचूप पुढे पाठवत असतं. फोन लगेच फॅक्टरी रीसेट करू नका. आधी मेसेज, नंबर, पडद्याचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, तो पुरावा आहे.

बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तो मर्यादित असतो. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी कळवण्याला किंमत आहेच. 'तुम्हीच ओटीपी दिला, आता काही होणार नाही' असं काउंटरवरून ऐकायला मिळालं तरी अर्ज देऊनच बाहेर या.

गोठवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. रक्कम मोठी असेल तर सहसा न्यायालयाचा आदेश लागतो, त्यासाठी पोलीस ठाण्यात पाठपुरावा लागतो, महिने जातात. याच काळात एक नवा फोन येतो: 'मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रक्रिया शुल्क भरा.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यातूनच हा फोन आलेला असतो. मावशीला तो महिन्याभरानं आला. तिनं 'बरं' म्हणून ठेवला, फ्रिजवरच्या कागदावरून मला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलो. असा कुठलाही फोन त्यांनी केलेला नव्हता.